लांब शब्द कुठे कापायचा?

इंग्रजीचा तास चालू आहे. बाईंनी एकेकाला उभं करून धडा वाचायला सांगितलाय. तुमचा नंबर येतो. पहिल्या दोन ओळी कशा भराभर जातात! आणि तिसऱ्या ओळीत ‘तो’ येतो. बारा-चौदा अक्षरांचा, मालगाडीसारखा लांबच लांब शब्द. मग काय होतं? कुणाला नेमका तेव्हाच खोकला येतो. कुणी पहिली तीन अक्षरं वाचून बाकीचा शब्द मनानेच ठोकून देतं. आणि कुणी एकदम गप्प होतं. त्या शब्दावर बोट ठेवून नुसतं उभं राहतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ह्या गप्प होणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते बरं का. ठोकून देणारा निदान काहीतरी बोलतो, त्याला पुढे नेता येतं. गप्प होणारा मात्र मनाशी ठरवून टाकतो, की इंग्रजी हे आपलं काम नव्हे. चौथी-पाचवीत ठरवतो आणि मग ते मनातून निघता निघत नाही. बाकी गणितात, परिसर अभ्यासात पोर हुशार असतं. अडतं ते ह्या मालगाडीपाशी.

आमच्या लहानपणी ए-बी-सी-डी पाचवीत सुरू व्हायची. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. शब्द पाठ करायची रीत मात्र पुष्कळ घरांत जुनीच राहिली. आय एन डी ई पी ई एन डी ई एन सी ई, इंडिपेंडन्स! पाढ्यासारखं सुरात म्हणायचं, पुढे-मागे डुलत. ह्या घोकण्याने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. स्पेलिंग पाठ होतं. पण मधला एक मणी निसटला की सगळी माळ खाली. आणि उद्या दुसरा लांब शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून घोकायला सुरुवात! कालच्या कष्टाचा आज काही उपयोग नाही.

तर आज आपण जरा कापाकापी करू या. सुरी-कात्री काही नको. एक हात मोकळा ठेवा म्हणजे झालं.

सुरुवात आपल्या मराठीपासून. ‘निरुपयोगी’ हा शब्द घ्या. (काही घरांत हा शब्द मुलांना रोज ऐकायला मिळतो, पण ते जाऊ दे.) आता हाताची पालथी बाजू हनुवटीखाली धरा आणि शब्द सावकाश म्हणा. नि-रुप-यो-गी. हनुवटी किती वेळा खाली आली? चार वेळा. लिहिताना अक्षरं पाच आहेत, तोंड मात्र चारदाच उघडलं. ‘कमळ’ म्हणून बघा. अक्षरं तीन, टप्पे दोन. क-मळ. चेंडू जसा टप्पे घेत जातो, तसा शब्द तोंडातून टप्पे घेत बाहेर पडतो. इंग्रजीत अशा एका टप्प्याला सिलॅबल म्हणतात. हे टप्पे पाडणं म्हणजे झाला जिभेचा काप.

पण ‘निरुपयोगी’ हा शब्द आणखी एका तऱ्हेने कापता येतो, आणि ते तुम्ही व्याकरणाच्या तासाला करताच. निर् अधिक उपयोगी. ज्याचा उपयोग नाही असा. हा झाला अर्थाचा काप. आता गंमत पाहा. जिभेने कापलं तेव्हा मधे ‘रुप’ असा तुकडा आला होता. त्या ‘रुप’ला काही अर्थ आहे का? ‘रूप’शी त्याचा काही संबंध आहे का? मुळीच नाही. ‘निर्’चा र आणि ‘उप’चा उ शेजारी-शेजारी आले आणि जिभेने त्यांची मोट बांधून टाकली. जीभ अर्थ बघत नाही. तिला जे सोपं पडेल ते ती करते.

इंग्रजी शब्दाचंही अगदी असंच असतं. त्यालाही दोन ठिकाणी कापता येतं. एक काप म्हणण्यासाठी, दुसरा समजण्यासाठी. आणि हे दोन काप पुष्कळदा एका जागी पडत नाहीत!

उसाचं उदाहरण घेऊ. खायचा ऊस आणि लावायचा ऊस सारख्याच तऱ्हेने तोडतात का? खायला करवे करताना आपण पेरं टाळतो, कारण तिथे दात लागत नाहीत. लावणीसाठी टिपरी तोडताना मात्र त्या पेराजवळचा डोळा आधी बघतात. डोळाच नसेल तर ते बेणं कसलं? त्यातून काही उगवायचं नाही. जिभेचा काप म्हणजे खायचे करवे, आणि अर्थाचा काप म्हणजे डोळा असलेली टिपरी. ऊस तोच.

आधी जिभेचा काप पक्का करू. त्याचा मुख्य नियम एकच: स्वराचे जितके आवाज, तितके टप्पे. आवाज म्हटलं हं मी, अक्षरं नव्हे. ‘टीम’मध्ये ई आणि ए अशी दोन स्वरांची अक्षरं आहेत, पण आवाज एकच. ‘केक’च्या शेवटी ई बसलेला असतो, पण तो मुका. दोन स्वरांच्या मधे दोन व्यंजनं आली की बहुतेक वेळा दोघांच्या मधे कापायचं. बास-केट. विन-डो. पेन-सिल. आणि शेवटी टी-आय-ओ-एन अशी चौकडी दिसली की घाबरायचं नाही, ती चौघं मिळून एकच टप्पा घेतात: ‘शन’. म्हणजे इन्फर्मेशन हा अकरा अक्षरांचा शब्द किती टप्प्यांचा? इन-फर-मे-शन. चारच! ‘निरुपयोगी’एवढाच.

ह्या ‘शन’पायी एकेकाळी मुलांचे केवढे हाल होत असतील! थॉमस डिलवर्थ नावाच्या एका इंग्रज गुरुजींचं १७४० साली निघालेलं स्पेलिंगचं पुस्तक होतं. इंग्लंडात आणि अमेरिकेत ते फार चालायचं. त्यात ‘नेशन’ ह्या शब्दाचे एन-ए, टी-आय, ओ-एन असे तीन तुकडे पाडलेले असत. तोंडाने मात्र कुणीच तसं म्हणत नव्हतं. मग नोहा वेब्स्टर नावाच्या एका तरुण अमेरिकन शिक्षकाने १७८३ साली स्वतःचं पुस्तक काढलं. जसं बोलतो तसंच कापायचं, असं त्याचं धोरण होतं. त्याने नेशनचे दोनच तुकडे केले, ने आणि शन. पुढे हाच वेब्स्टर त्याच्या जाडजूड शब्दकोशामुळे प्रसिद्ध झाला. पण मला विचाराल तर ‘शन’ एका टप्प्यात बसवला हेच त्याचं पोरांवरचं मोठं उपकाराचं काम.

आता अर्थाचा काप. १५ ऑगस्टला फळ्यावर रंगीत खडूने कोणता शब्द लिहितात? इंडिपेंडन्स डे. मगाशी ज्याची घोकंपट्टी चालली होती तोच हा शब्द. जीभ त्याला अशी कापते: इन-डि-पेन-डन्स. चार टप्पे. म्हणायला झालं सोपं. पण ह्यात ‘पेन’ आला म्हणून लिहायच्या पेनशी त्याचा काही संबंध जोडू नका हं! अर्थाने कापायचं तर असं: इन, डि, पेंड, अन्स. जिभेने जो ‘पेंड’ मधोमध तोडला होता, तोच इथे अख्खा राहतो. आणि तोच ह्या उसाचा डोळा.

‘पेंड’ म्हणजे लॅटिन भाषेत लटकणं, लोंबणं. गळ्यातल्या साखळीला लटकतं ते पेंडंट. जुन्या घड्याळात लोंबकळत हलतो तो पेंड्युलम. ‘डि’ म्हणजे खाली किंवा पासून. तेव्हा डिपेंड म्हणजे कशाला तरी धरून खाली लटकणं. पुढे ‘इन’ लावला, म्हणजे नाही. शेवटचा ‘अन्स’ म्हणजे आपला ‘-पणा’. सगळं मिळून काय झालं? कुणाला लटकून न राहण्याचा ‘-पणा’.

आता मला सांगा, डिपेंडला मराठीत काय म्हणतात? अवलंबून असणं. ‘अव’ म्हणजे खाली. ‘लंब’ म्हणजे लोंबणं. आणि पेंड्युलमला? लंबक! आहे की नाही मजा? लॅटिन बोलणाऱ्यांनी आणि संस्कृत बोलणाऱ्यांनी एकच चित्र डोळ्यांपुढे आणून शब्द बनवला. त्यांनी ‘डि’ला ‘पेंड’ जोडला, इकडच्यांनी ‘अव’ला ‘लंब’. हे वर्गात फळ्यावर एकाखाली एक लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “बाई, म्हणजे हा शब्द आपल्याला आधीच येत होता की!” येत होताच. फक्त तो वेगळे कपडे घालून आला होता.

आता एक शब्द असा देते, की जो सगळं जग चुकीच्या जागी कापतं. हेलिकॉप्टर! जिभेचा काप हेल-इ-कॉप-टर. अर्थाचा काप विचारला तर जवळजवळ प्रत्येक जण सांगेल, हेली आणि कॉप्टर. ऐकायलाही ते बरोबर वाटतं. हेलिपॅड, हेलिपोर्ट असे शब्द त्यातूनच तयार झाले. पण खरे तुकडे आहेत ‘हेलिको’ आणि ‘प्टर’. १८६१ साली फ्रान्समध्ये गुस्ताव्ह द पोंतों दामेकूर नावाच्या गृहस्थांनी दोन ग्रीक शब्द जोडून आपल्या उडत्या यंत्राला हे नाव दिलं. हेलिक्स म्हणजे मळसूत्र, स्क्रूचे आटे असतात तसं. आणि प्टेरॉन म्हणजे पंख. मळसूत्रासारखे गरगर फिरणारे पंख! त्यांचं वाफेवर चालणारं ते छोटं यंत्र काही उडालं नाही. नाव मात्र जगभर उडालं.

तुम्ही म्हणाल, शब्दाच्या सुरुवातीला ‘प्ट’ कसा असेल? ग्रीक लोकांना तो म्हणता येत होता. इंग्रज लोकांच्या जिभेला तो जमला नाही, म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये पी ठेवला आणि बोलताना गिळून टाकला. डायनोसॉरच्या काळातला तो उडणारा टेरोडॅक्टिल माहीत आहे ना? त्याच्या स्पेलिंगात पुढे एक मुका पी का बसलाय, ते आता कळलं. टेरो म्हणजे तोच पंख, आणि डॅक्टिल म्हणजे बोट. त्याचा पंख एका लांबलचक बोटाच्या आधाराने ताणलेला असे. तिथे मुका असलेला हा पी हेलिकॉप्टरमध्ये मात्र बोलतो. कारण तिथे त्याच्या आधी ओ आहे. जीभ ‘प्ट’मधला प उचलून त्या ओला चिकटवते आणि ‘कॉप’ असा टप्पा घेते. निरुपयोगीतला ‘रुप’ आठवला का? तोच उद्योग!

आणि हा ‘प्टेरॉन’ काही अगदी परका नाही बरं. संस्कृतात ‘पत्’ म्हणजे उडणं. पंखाला ‘पत्र’ असाही शब्द आहे. तुम्ही संक्रांतीला उडवता तो पतंगही ह्याच ‘पत्’चा. ग्रीक आणि संस्कृत ह्या एकाच जुन्या भाषाकुळातल्या बहिणी, त्यामुळे असं होतं. तेव्हा हेलिकॉप्टरच्या शेपटीत आपल्या पतंगाचा एक लांबचा नातेवाईक बसलेला आहे.

कापण्यात सगळ्यात मोठी धमाल झाली ती ‘बस’च्या बाबतीत. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये सगळ्यांना बसता येईल अशी घोडागाडी सुरू झाली. तिला नाव पडलं ऑम्निबस. लॅटिनमध्ये ऑम्निबस म्हणजे सर्वांसाठी. एवढं लांब नाव घ्यायचा लोकांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी पुढचा भाग टाकून दिला आणि उरलं नुसतं ‘बस’. पण सगळा अर्थ त्या पुढच्या भागात होता! मागचा तुकडा म्हणजे नुसता विभक्तीचा प्रत्यय. समजा, आपण एखाद्या गाडीला ‘सर्वांसाठी’ असं नाव दिलं आणि पुढे सगळे म्हणायला लागले, “चल लवकर, पावणेनऊची साठी आली!” तसंच हे झालं. अर्थाचा डोळा टाकून दिला, तरी ऊस वाढला आणि चांगला फोफावला. भाषेत असंही चालतं!

आतापर्यंत आपण मजेत कापाकापी केली. आता जरा वेगळी हकीकत सांगते.

आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी. वाचताना गप्प होणाऱ्यांपैकीच होती ती. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली आणि दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाली, “बाई, आण्णांच्या छातीचा फोटो काढलाय. त्याच्या पाकिटात हा कागद होता. ह्यावर काय लिहिलंय?” तिचे वडील बरीच वर्षं खडी क्रशरवर कामाला होते. खोकला जात नव्हता, चढ चढताना दम लागायचा. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर काहीतरी बोलले होते, पण तिच्या आईला ते नीट कळलं नव्हतं आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नव्हतं. कागदावर चौदा अक्षरांचा एक शब्द टाइप केलेला होता.

मी म्हटलं, “अगं, आपण मिळून वाचू. आधी हनुवटीखाली हात धर.” पी पुढे आणि त्याला लागून एन, म्हणजे पी मुका. हे तिला आठवलं, कारण ‘न्यूमोनिया’ शब्द तिने शाळेतल्या तक्त्यावर पाहिला होता. मग न्यू-मो-को-नि-ओ-सिस. सहा टप्पे. दोनदा अडखळली, तिसऱ्या वेळी सबंध शब्द म्हटला तिने. न्यूमोकोनिओसिस.

मग अर्थाचा काप. ‘न्यूमो’ म्हणजे फुप्फुसाचं काहीतरी, हे न्यूमोनियावरून तिनेच ओळखलं. शेवटचा ‘ओसिस’ कुठे पाहिलाय, असं मी विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “टीबीच्या बोर्डावर.” बरोबर! ट्युबरक्युलोसिस. म्हणजे हा आजाराचा प्रत्यय. राहिला मधला ‘कोनि’. तो आम्हाला दोघींनाही ओळखीचा नव्हता. शाळेतल्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात पाहिलं. ग्रीक भाषेतला कोनिस, अर्थ धूळ. तिने तीन तुकडे वहीत एकाखाली एक लिहिले. फुप्फुस. धूळ. आजार. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे खडीची धूळ?”

मी तिला सांगितलं, की शब्द वाचता आला म्हणजे आजार कळला असं होत नाही; तो किती आहे, पुढे काय करायचं, हे डॉक्टरांनीच सांगायचं. पण काय विचारायचं ते आता आपल्याला ठरवता येईल. तिने मराठीत तीन प्रश्न लिहून घेतले. ही धूळ क्रशरची आहे का? आण्णांनी पुन्हा त्या कामावर जायचं का? आणखी कोणती तपासणी करायची? पुढच्या खेपेला आईबरोबर ती स्वतः गेली आणि वही पुढे धरून तिने विचारलं. ह्या वेळी डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. क्रशर बंद. थुंकीची तपासणी करून घ्या, कारण अशा फुप्फुसांना क्षयरोग चटकन गाठतो. आण्णा आता एका रोपवाटिकेत कामाला जातात. दम अजून लागतो. फुप्फुसात एकदा व्रण झाले, की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

दगडाची बारीक धूळ छातीत जाऊन जो आजार होतो त्याला सिलिकोसिस म्हणतात. सिलिका म्हणजे वाळूत आणि कित्येक दगडांत असणारा पदार्थ. त्याला जोडला ‘ओसिस’. १९४८च्या कारखाने कायद्यात काही आजारांची यादी होती. त्यातला आजार दिसला तर डॉक्टरांनी तो सरकारला कळवलाच पाहिजे, असं बंधन होतं. त्या यादीत सिलिकोसिस होता. आणि तुमच्या-आमच्या पाटीशीही ह्या शब्दाचा संबंध आहे. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवायचे कारखाने होते. दगड करवतीने कापताना जी धूळ उडायची, ती मजुरांच्या छातीत जायची. कितीतरी जण ह्या आजाराने ऐन उमेदीत गेले. पाणी मारत दगड कापला, धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवली, तर हे पुष्कळ टळतं.

इंग्रजी शब्दकोशांत छापलेला सगळ्यात लांब म्हणून जो शब्द सांगतात, तोही ह्याच आजाराचं नाव आहे. पंचेचाळीस अक्षरं! अमेरिकेतल्या कोडी घालणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो १९३५ साली मुद्दाम लांबलचक बनवला. डॉक्टर काही तो वापरत नाहीत. ते सिलिकोसिसच म्हणतात. पण आता तुम्ही त्याला भिणार नाही. न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रो, स्कोपिक, सिलिको, व्होल्केनो, कोनि, ओसिस. आठ टिपरी. त्यातली न्यूमोनो, सिलिको, कोनि, ओसिस तुम्हाला आत्ताच भेटली. मायक्रो म्हणजे अगदी लहान आणि स्कोपिक म्हणजे बघण्यासंबंधी, हे सूक्ष्मदर्शकाच्या मायक्रोस्कोप ह्या नावावरून कळतं. अल्ट्रा म्हणजे पलीकडचं. व्होल्केनो म्हणजे ज्वालामुखी. दिसायलाही कठीण अशा बारीक, ज्वालामुखीतून आलेल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. पंचेचाळीस अक्षरं एका वाक्यात उलगडली! त्याच मुलीने तो एकोणीस टप्प्यांत म्हणून दाखवला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला मात्र तिने तो चौदा अक्षरांचा शब्द वाचला होता, तेच जास्त मोठं वाटतं.

कापाकापी जमायला लागली की काही मुलं दिसेल त्या शब्दावर सुरी चालवतात. जरा सांभाळून हं. ‘कार्पेट’मध्ये कार नाही आणि पेटही नाही. आणि पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं? हायली इन्फ्लेमेबल. आता कुणी म्हणेल, इंडिपेंडन्समध्ये ‘इन’ म्हणजे नाही, तेव्हा इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं! अरे बाप रे, नको! इंग्रजीत ‘इन’ नावाचे दोन उपसर्ग आहेत, जुळ्या भावांसारखे. एक नाही म्हणतो, दुसरा आत नेतो. इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ दुसरा. ज्वालेत नेणारा, भडकणारा. मोठ्या माणसांचाही ह्यात घोटाळा होऊ शकतो, म्हणून गेल्या शतकात अमेरिकेत आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. तेव्हा तुकडा ओळखीचा वाटला तरी एकदा शब्दकोश बघायचाच. आपला अंदाज ही पहिली पायरी, शब्दकोश ही दुसरी.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. पालकसभेत कितीतरी आया मला म्हणतात, “बाई, आम्हाला इंग्रजी येत नाही, पोराचा अभ्यास काय घेणार?” जिभेचा काप घ्यायला इंग्रजी यावं लागत नाही. मुलाने शब्द म्हणायचा आणि तुम्ही भाकऱ्या थापताथापता टप्पे मोजायचे. “चार झाले बघ, पुन्हा म्हण,” एवढंच. अर्थाच्या कापासाठी विचारायचं, “ह्यातला कोणता तुकडा आधी कुठे पाहिलायस?” उत्तर तुम्हाला माहीत असायची गरज नाही. पोरगं दुकानाच्या पाटीवर, औषधाच्या खोक्यावर, मोबाइलवर शोधत राहील. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करायला सांगा. एकात टप्पे, दुसऱ्यात तुकडे. मात्र दिवसाला एकच शब्द. पाच-पाच, दहा-दहा शब्द करून आणायची चढाओढ लावू नका. त्याची पुन्हा घोकंपट्टी होते.

चला, आता तुमची पाळी. दोन शब्द देते. पहिला हिप्पोपोटॅमस, म्हणजे पाणघोडा. टप्पे पाच. दुसरा शब्द इतिहासाच्या पुस्तकातला, मेसोपोटेमिया. टप्पे तुम्हीच मोजा. एक चिखलात लोळणारा प्राणी आणि एक प्राचीन देश, पण दोघांच्या पोटात एक ग्रीक तुकडा सारखाच आहे. ‘हिप्पो’ म्हणजे घोडा आणि ‘मेसो’ म्हणजे मधला, एवढं मी सांगते. उरलेल्या तुकड्याचा अर्थ शोधायचा तर दोन गोष्टी करा. पाणघोडा कुठे राहतो ते आठवा. आणि नकाशात मेसोपोटेमिया काढून त्याच्या दोन्ही अंगांनी निळ्या शाईने काय काढलंय ते बघा.